वाफेचं शहर आणि कापसाचं शेत : एका कार्टून एपिसोडपासून खानदेशच्या इतिहासापर्यंत



पेटची तयारी करणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच असतो : "ताई, विषय शोधायचा कसा?" पुस्तकातलं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. वाचन करा, आधीच्या कामातली पोकळी शोधा, तिथे आपला विषय ठेवा. बरोबरच आहे ते. पण पोकळी दिसते कशी, हे कोणी सांगत नाही. म्हणून आज जरा वेगळा प्रयोग करू. अगदी करमणुकीची गोष्ट घेऊ, एका विनोदी अ‍ॅनिमेटेड मालिकेतला एक एपिसोड, आणि तिथून जळगाव-धुळ्याच्या इतिहासातल्या एका खऱ्या प्रश्नापर्यंत चालत जाऊ. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळलेली आहे, त्यामुळे मध्ये थोडं विज्ञान येईल. घाबरू नका, दहावीपुरतंच आहे.

एपिसोडमध्ये काय आहे?

'द सिम्पसन्स'वाले मॅट ग्रेनिंग तुम्हाला माहीत असतील. त्यांची 'डिसएन्चांटमेंट' ही मालिका नेटफ्लिक्सवर ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये संपली. ड्रीमलँड नावाचं एक मध्ययुगीन राज्य आहे. तिथली राजकन्या बीन हिला राजकन्येसारखं वागायचंच नाही. तिच्यासोबत एल्फो नावाचा बुटका आणि लुसी नावाचा छोटासा सैतान. शाप, जादूटोणा, राक्षस, फाटका राजवाडा, असा सगळा मामला.

पण याच जगात दूर कुठेतरी स्टीमलँड नावाचं शहर आहे. मालिकेचा तिसरा भाग जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यातला चौथा एपिसोड, 'स्टीमलँड कॉन्फिडेन्शियल', याच शहरात घडतो. धूर ओकणाऱ्या चिमण्या, उडती यंत्रं, विजेचे दिवे, आणि अल्वा गंडरसन नावाचा एक बडा उद्योगपती. जादूच्या राज्यातली मुलगी या शहरात येते आणि सगळं डोळे फाडून बघते. विनोद तिथूनच तयार होतो.

अशा कल्पित जगाला 'स्टीमपंक' म्हणतात. हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ मध्ये 'लोकस' मासिकाला लिहिलेल्या पत्रात पहिल्यांदा वापरला, तोही अर्धवट गमतीनेच. तेव्हा सायबरपंकची चलती होती, म्हणून यांनी वाफेवरचा शब्द काढला. कल्पना साधी आहे : एकोणिसाव्या शतकातलं वाफेचं तंत्रज्ञान पुढे पेट्रोल आणि इलेक्ट्रॉनिक्सकडे न वळता तसंच फुगत गेलं असतं, तर जग कसं दिसलं असतं?

आता संशोधकाच्या नजरेने एक गोष्ट टिपून ठेवा. या एपिसोडची सगळी गंमत एका गृहीतकावर उभी आहे : जादूचं राज्य आणि वाफेचं शहर या दोन वेगळ्या जागा आहेत. एक मागे राहिलेली, दुसरी पुढे गेलेली. दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, म्हणून भेट झाली की हसू येतं. कथेला हे गृहीतक चालतं. स्टीमलँडच्या कारखान्यांना कच्चा माल कुठून येतो, हा त्या कथेचा प्रश्नच नाही.

इतिहासाचा मात्र तोच पहिला प्रश्न आहे.

खानदेशात वाफ आली तेव्हा

मुंबई-ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, हे आपण शाळेत शिकलो. पुढच्या दशकात जी.आय.पी. रेल्वे घाट चढून खानदेशात आली. भुसावळहून एक फाटा नागपूरकडे गेला, तो १८६७ मध्ये पूर्ण झाला. दुसरा फाटा खांडव्यावरून जबलपूरला गेला. १८७० मध्ये तिथे मुंबई आणि कलकत्ता जोडले गेले. भुसावळ जंक्शन झालं आणि गावाचं शहर झालं.

रेल्वे खानदेशात येण्याचं मोठं कारण कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली होती. लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडायला लागल्या, आणि सगळ्यांचं लक्ष हिंदुस्थानकडे वळलं. भाव चढले, मुंबईत शेअरचा वेडा बाजार झाला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. पण लोहमार्ग राहिला. त्याच्या कडेने वाफेवर चालणारी जिनिंग आणि प्रेस उभी राहत गेली.

१८७० च्या दशकात जळगावला खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल आली. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमळनेरला प्रताप शेठजींची गिरणी उभी राहिली. १९१८-१९ च्या सुमारास पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज लाईन झाली. आपल्याकडे सगळे तिला 'पी.जे.' म्हणतात. आधी वाफेवर, मग डिझेलवर ती २०२० पर्यंत धावत होती.

आता बघा, कल्पनेतल्या स्टीमलँडपेक्षा हे चित्र कसं वेगळं आहे. खानदेशात 'जुनं' आणि 'नवं' यांच्यात समुद्र नव्हता. शेतातून जिनिंगपर्यंत कापूस बैलगाडीत यायचा. जिनिंगमध्ये वाफेचं यंत्र. तिथून गठाण रेल्वेने मुंबईला, मुंबईहून जहाजाने मँचेस्टरला. बैलगाडी हटली आणि आगगाडी आली, असं झालंच नाही. उलट आगगाडीमुळे स्टेशनपर्यंत माल आणणाऱ्या बैलगाड्यांना काम मिळालं.

गमतीही होत्या. रेल्वेची घड्याळं मद्रासच्या वेळेवर चालायची, मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा साधारण अर्धा तास मागे, आणि बाकी गाव सूर्यावर. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ येईपर्यंत हा घोळ चालू होता. म्हणजे 'गाडी किती वाजता?' या प्रश्नाला 'कोणाच्या घड्याळाने?' असा उलट प्रश्न विचारणं अगदी रास्त होतं. ग्रेनिंगच्या लेखकांनासुद्धा हा विनोद आवडला असता.

आणखी एक उदाहरण. अमळनेरला गिरणी काढणाऱ्या प्रताप शेठजींनीच १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था उभी केली, आणि तिथे वेदान्ताचा अभ्यास होऊ लागला. बॉयलरच्या पैशावर ब्रह्मचर्चा. आता सांगा, अमळनेर ड्रीमलँड की स्टीमलँड?

थोडं विज्ञान : बॉयलर एकटा नसतो

एक लिटर पाण्याची वाफ केली, तर साध्या हवेच्या दाबाखाली ती साधारण १,६०० लिटरहून जास्त जागा व्यापते. ही फुगण्याची धडपड दट्ट्यावर सोडली की चाक फिरतं. पण त्यासाठी आधीच १०० अंशांवर असलेल्या एक किलो पाण्याची वाफ करायलाच सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. आणि आगगाडीच्या इंजिनात कोळशातल्या ऊर्जेपैकी दहा टक्केसुद्धा चाकापर्यंत पोचायची नाही. बाकीची धुरात आणि वाया गेलेल्या वाफेत.

याचा इतिहासाशी काय संबंध? तंत्रज्ञान जितकं खादाड, तितका त्याचा पसारा मोठा. वाफेच्या यंत्राला सतत पाणी लागतं, सतत इंधन लागतं, आणि ते भरणारे हात लागतात. सुरुवातीच्या काळात कोळसा इंग्लंडहून जहाजाने यायचा, १८७० च्या दशकात वरोऱ्याची खाण सुरू झाल्यावर इकडचाही मिळू लागला. भुसावळसारख्या जंक्शनला तापी जवळ असणं ही काही शोभेची गोष्ट नव्हती.

पडद्यावर उडतं यंत्र दिसलं की मी आता आपोआप तीन प्रश्न विचारते : पाणी कुठून? कोळसा कुठून? फावडं कोणाच्या हातात? तुम्हीही विचारून बघा. कोणत्याही तंत्रज्ञानाला हे प्रश्न लागू पडतात. आजच्या डेटा सेंटरलासुद्धा.

जिनिंगमधल्या बाया आणि कायद्यातली चार महिन्यांची फट

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

कापसातून सरकी वेगळी करणं म्हणजे जिनिंग. पूर्वी हे काम घरोघरी व्हायचं. दोन लाटण्यांमधून कापूस ओढायचा, रुई पलीकडे, सरकी अलीकडे. वाफ आल्यावर एकाच मोठ्या खोलीत रूळ असलेली यंत्रं ओळीने उभी राहिली. एका बॉयलरवर सगळी फिरायची. पण प्रत्येक यंत्रात कापूस भरायला माणूस लागायचंच, आणि हे काम मुख्यतः बाया करायच्या. रुईची बारीक धूळ, पट्ट्यांचा आवाज, आणि हंगामात काम संपायची वेळच नाही. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगासमोर खानदेशातल्या जिनिंगमधल्या कामाच्या अतिशय लांब तासांचा विषय आला होता.

मग कायदा काय करत होता? हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, अशा त्यातल्या तरतुदी. बायांच्या तासांबद्दल काहीच नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'कारखाना' शब्दाची व्याख्या. यंत्रशक्ती हवी, किमान १०० माणसं हवीत, आणि वर्षातून चार महिन्यांहून जास्त काम चालायला हवं.

ही शेवटची अट पुन्हा वाचा. कापसाचा हंगाम थोड्या महिन्यांचा. जे जिनिंग चार महिन्यांच्या आत आटोपलं, ते कायद्याच्या लेखी कारखानाच नाही. बॉयलर आहे, धुराडं आहे, भोंगा आहे, आत बाया राबताहेत, पण 'कारखाना' नाही. १८९१ च्या दुरुस्तीने माणसांची मर्यादा ५० वर आणली आणि बायांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ११ तास ठरवले. पण चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ च्या कायद्याने. तब्बल तीस वर्षांनी.

आता या गोष्टीचा संशोधनावर काय परिणाम होतो ते बघा. कायदा लागू नाही म्हणजे निरीक्षक येत नाही. निरीक्षक नाही म्हणजे त्याचा अहवाल नाही. अहवाल नाही म्हणजे दप्तरात कागद नाही. आणि शंभर वर्षांनी तुमच्यासारखा विद्यार्थी दप्तरात जातो, कागद सापडत नाही, आणि लिहून टाकतो की 'या काळात खानदेशात स्त्री-कामगारांविषयी विशेष माहिती आढळत नाही.' त्या बाया एकदा कायद्याच्या व्याख्येतून सुटल्या, दुसऱ्यांदा आपल्या प्रबंधातून.

पोकळी म्हणतात ती ही. ती नुसती 'यावर कोणी लिहिलं नाही' एवढीच नसते. ती कोणत्या नियमाने, कोणाच्या सोयीने तयार झाली, हे शोधणं हाच विषय असू शकतो.

याच काळात मुंबईत वेगळं चित्र होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन आयोगाला दिलं, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. मुंबईचा कामगार वर्षभर एका जागी होता, त्याच्याकडे संघटना होती, 'दीनबंधु'सारखं पत्र होतं. जिनिंगमधली बाई हंगाम संपला की पुन्हा शेतात. तिची सही कोण घेणार? म्हणून कामगार चळवळीच्या इतिहासात परळ आहे, आणि जळगावचं जिनिंग शोधावं लागतं.

कल्पित गोष्टीत हे दाखवताच येत नाही असं मात्र नाही. हायाओ मियाझाकी यांचा १९८६ चा 'लापुता : कॅसल इन द स्काय' बघा. तीही उडत्या यंत्रांचीच गोष्ट. पण मियाझाकी त्याआधी वेल्सला जाऊन आले होते, तिथला खाणकामगारांचा संप त्यांच्या मनात होता. म्हणून त्यांच्या चित्रपटात खाणीतलं गाव आहे, तिथली माणसं आहेत. 'स्टीमलँड' आणि 'लापुता' यांत चांगलं कोणतं हे मला सांगायचं नाही. दोन्ही बघा. फक्त चौकटीत कोण घेतलंय आणि कोण नाही, हे लिहून काढा. ऐतिहासिक साधन वाचायची ही उत्तम तालीम आहे.

१८८० सालची दोन साधनं

या विषयाला साधनं कुठली? मी तुम्हाला एकाच सालाशी जोडलेली दोन सांगते.

पहिलं, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड, १८८० चा. मुख्य संपादक जेम्स कॅम्पबेल. पिकं, रस्ते, बाजार, गिरण्या, जाती, नद्या, सगळं त्यात आहे. कोणत्याही खानदेशी विषयाची सुरुवात इथूनच होते. पण हे पुस्तक राज्य चालवणाऱ्यांनी राज्य चालवण्यासाठी लिहिलेलं आहे. त्यात यंत्र किती, माल किती, हे मिळेल. यंत्रापुढे बसून कसं वाटायचं, ते मिळणार नाही.

दुसरं साधन म्हणजे एक व्यक्ती. त्याच १८८० मध्ये जळगावजवळच्या असोद्याला बहिणाबाई चौधरी जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात राबणारी बाई, आणि तोंडून कविता. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपाने आली. शेती, मोट, जातं, घरोटं यांबद्दल आपण नेहमी बोलतो. पण त्यांची छापखान्यावरही कविता आहे. अक्षरओळख नसलेली बाई जळगावातल्या छापखान्याकडे बघते आणि त्यावर रचना करते, ही तंत्रज्ञानाच्या इतिहासासाठी केवढी मोठी गोष्ट आहे! आपण ती मराठीच्या पेपरात ठेवली, इतिहासाच्या पेपरात आणली नाही.

एक सूचना. कवितेला पुरावा म्हणून वापरताना जपून. कविता 'असं घडलं' हे सिद्ध करत नाही, 'असं पाहिलं गेलं' हे दाखवते. गॅझेटियरसुद्धा खरं तर तेवढंच दाखवतं, फक्त ते सरकारी आवाजात बोलतं.

याशिवाय धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, त्यांच्या मागे हे मंडळ उभं राहिलं. मुंबईला राज्य पुराभिलेखागार आहे. आणि जुन्या गिरणी-जिनिंगमध्ये काम केलेली माणसं आपल्याच गल्लीत आहेत. त्यांच्या मुलाखती या वर्षी घ्या. हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

वाफ गेली कुठे?

स्टीमपंकमध्ये वाफ म्हणजे हरवलेलं सुंदर जग. आपल्याकडेही तसंच बोललं जातं. चित्तरंजनला वाफेचं शेवटचं इंजिन १९७२ मध्ये तयार झालं, ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी १९९५ मध्ये थांबली. झालं, वाफेचं युग संपलं!

खरंच? भुसावळजवळ दीपनगरला जाऊन बघा. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन मोठे संच आहेत. कोळसा रेल्वेने येतो, पाणी तापीवरच्या हतनूर धरणातून येतं, बॉयलरमध्ये वाफ होते आणि ती टर्बाइन फिरवते. दट्ट्या गेला, पाती आली, कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आतून साधारण एक-तृतीयांशापर्यंत गेली. पण काम वाफच करते. अशाच केंद्रांतली वीज तारांमधून जाते आणि भुसावळवरून जाणाऱ्या गाड्या ओढते. म्हणजे वाफेचं इंजिन गाडीवरून उतरून मागे जाऊन उभं राहिलं, एवढंच. राख आणि धूर मात्र दीपनगरच्या आसपासच्या गावांच्या वाट्याला.

डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने २००६ च्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात हेच मांडलं : तंत्रज्ञानाचा इतिहास शोध लागल्याच्या तारखांवरून लिहू नका, वापरावरून लिहा. शोधांवरून लिहिला की खानदेश नेहमी 'मागे' दिसतो, कारण इथे कशाचाच पहिला शोध लागला नाही. वापरावरून लिहिला की खानदेश मधोमध येतो, कारण मँचेस्टरचं चाक फिरायला इथला कापूस लागत होता.

मग प्रश्न कसा मांडायचा?

'खानदेशातील वाफेचा इतिहास' हा विषय घेऊन मार्गदर्शकांकडे गेलात तर ते चहा पाजून परत पाठवतील. फार मोठा आहे. तो असा आवळा :

जागा : फक्त जळगाव आणि धरणगाव, किंवा फक्त धुळे.
काळ : १८८१ ते १९११, म्हणजे दोन कायद्यांच्या मधली तीस वर्षं.
माणसं : हंगामी जिनिंगमधल्या स्त्रिया.
प्रश्न : कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिल्याचा त्यांच्या कामाच्या तासांवर, मजुरीवर आणि नोंदींवर काय परिणाम झाला?

आता हा प्रश्न पेटच्या मुलाखतीत मांडता येतो. 'तुमचं गृहीतक काय?' विचारलं तर सांगता येतं, 'साधनं कोणती?' विचारलं तर सांगता येतं, आणि 'याचं आज काय?' विचारलं तर फार लांब जावं लागत नाही. हंगामी, कंत्राटी, 'कामगार' या व्याख्येत न बसणारी माणसं आजही आपल्या आजूबाजूला आहेत. ऊसतोड घ्या, घरपोच जेवण पोचवणारी पोरं घ्या. व्याख्येतली फट कोणाला सोयीची असते, हा प्रश्न जुना झालेला नाही.

या आठवड्यासाठी एक गृहपाठ. तुम्हाला आवडणारा कोणताही चित्रपट किंवा मालिकेचा एपिसोड घ्या, ज्यात एखादं यंत्र महत्त्वाचं आहे. पाणी कुठून, इंधन कुठून, फावडं कोणाच्या हातात, या तीन प्रश्नांची उत्तरं एका पानात लिहा. उत्तर पडद्यावर नसेल, तर तुमच्या तालुक्यात ते कुठे मिळेल याची यादी करा. ती यादी घेऊन मार्गदर्शकांकडे जा. पुढच्या लेखात पुराभिलेखागारात अर्ज कसा करायचा आणि पहिल्या दिवशी काय मागायचं, ते सविस्तर सांगते.